खुर्ची आपोआप खाली बसते? आधी लिव्हर बघा

इंदूरला आमच्या रामबागच्या घरी बाबांची फिरती खुर्ची बसल्यावर दहा मिनिटांत पार खाली जायची, शेवटी त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. दुकानवाला म्हणाला नवीनच घ्या. काही गरज नव्हती हो!

सीटखाली जो उभा सिलेंडर असतो, दुकानात सगळे त्याला हायड्रॉलिक म्हणतात पण वजन पेलतो तो आत दाबून भरलेला नायट्रोजन गॅस. सिलेंडरच्या वरच्या टोकाला छोटंसं बटण असतं, लिव्हर, म्हणजे सीटखालचा उंची बदलायचा दांडा, ओढला की ते दबतं, आतला वॉल्व उघडतो, तुम्ही बसलेले असाल तर सीट खाली जाते, उठलात तर वर येते, आणि लिव्हर सोडला की तिथेच लॉक.

म्हणून आधी खुर्ची आडवी करून लिव्हर बघा. तो वाकून बटणावर सतत टेकलेला असेल तर सिलेंडर चांगला असूनही सीट खाली जाणारच, आणि बटणापर्यंत पोचतच नसेल तर सीट हलणार नाही. दोन्हीला पक्कड पुरते. बाबांचा लिव्हर ठीक होता, म्हणजे सिलेंडरचं सील गेलेलं. हा गॅस घरी परत भरता येत नाही, बदलायचाच.

यात स्क्रू नसतो, सिलेंडरचा निमुळता भाग पायांत आणि सीटखाली नुसता घट्ट रुतलेला असतो. खुर्ची उलटी ठेवून पायांच्या मधल्या गोल भागावर सीटच्या बाजूनं रबरी हातोडीनं ठोका, एकाच जागी नाही, गोल फिरत फिरत. पाय निघाले की सीटला लागून असलेल्या नळीला पाइप पाना लावून पिळा. मी पाना सियागंजमधून आणला, तोवर नुसत्या हातांनी अर्धा तास घालवला होता. आणि प्लीज, सिलेंडरला ड्रिल लावू नका, गरम करू नका, आत दाब असतो, जीवाशी खेळ आहे तो.

नवीन आणताना जुना सोबत न्या. खालची नळी बहुतेक 50 मिमीची असते, पण लांबी मात्र खुर्चीगणिक वेगळी. घरात कोणी वजनदार असेल तर क्लास 4 मागा, हा सिलेंडरच्या मजबुतीचा दर्जा, त्याच्या नळीचा पत्रा जाड असतो.

बसवताना जोडावर तेल-ग्रीस अजिबात नको, कोरडं पुसायचं, बटणावरची प्लास्टिकची टोपी काढायची, आणि नीट जोर देऊन दोन-तीनदा बसायचं, वजनानंच ते रुतून पक्कं होतं. मग उंची अशी लावा की तळवे पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघे साधारण काटकोनात येतील, बाबांना त्यासाठी सीट आधीपेक्षा चार बोटं वर लागली.