संगणक थांबवून शिकायचा असेल तर

फुल-सिस्टीम सिम्युलेटर म्हणजे अख्खा संगणक सॉफ्टवेअरमध्ये: प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि त्यावर बूट होणारी खरी ऑपरेटिंग सिस्टीम. फर्मागुडी असो, कुंकळ्ळी असो की ताळगावचं पठार, गोव्यात या विषयात प्रोजेक्ट घेणारी मुलं आधी विचारतात, "मॅडम, क्यूएमू घेऊ की जेम५?" दोन्ही असेच सिम्युलेटर. मी विचारते, तुला आतलं समजून घ्यायचंय की वेळ मोजायचाय?

समजून घ्यायचं असेल तर क्यूएमू. एमआयटीची एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेवर चालवा, जीडीबी हा डीबगर जोडा आणि सिस्टीम कॉल (प्रोग्रामनं ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, मागितलेलं काम) झाला की प्रोसेसर तिथेच थांबवा. कर्नलमध्ये का आलो हे सांगणाऱ्या एस-कॉज रजिस्टरमध्ये ८ दिसेल, म्हणजे यूजर प्रोग्रामनं ईकॉल (सिस्टीम कॉलची इन्स्ट्रक्शन) केलाय. कुठून आलो याची नोंद ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये त्याच ईकॉलचा पत्ता असतो, म्हणून परतण्याआधी कर्नल त्यात ४ (ईकॉलची लांबी, बाइटमध्ये) मिळवतो. ती एक ओळ काढून टाका. प्रोग्राम परततो, पुन्हा तोच कॉल करतो, पुढे सरकतच नाही! फळ्यावर कितीही समजावलं तरी ट्रॅप, म्हणजे प्रोग्राममधून कर्नलमध्ये जाणं, इतका पक्का डोक्यात बसत नाही. आपल्या लॅपटॉपच्या कर्नलमधली ओळ अशी काढून पाहायची हिंमत कोण करणार?

पण क्यूएमूवर मोजलेला वेळ शोधनिबंधात घालू नका. कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी), पाइपलाइन (इन्स्ट्रक्शन टप्प्याटप्प्यानं एकाच वेळी पुढे सरकवणं) त्याच्या हिशेबातच नसतात. तिथे जेम५ लागतो, मिशिगन विद्यापीठाचा एम५ आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचा जेम्स हे सिम्युलेटर एकत्र करून घडवलेला.

तो फार मंद आहे. तपशीलवार मॉडेल सेकंदाला २ लाख इन्स्ट्रक्शन चालवतं असं धरलं, तर २०० कोटींना, म्हणजे खऱ्या प्रोसेसरच्या सेकंदभराच्या कामाला, जवळजवळ ३ तास. म्हणून लिनक्स साध्या मॉडेलवर बूट करा, चेकपॉइंट घ्या (त्या क्षणाची स्थिती डिस्कवर जतन करा) आणि हवा तेवढाच भाग तपशीलवार चालवा. जूनच्या पावसात वीज गेली तरी पुन्हा बूटपासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र जेम५च्या क्लासिक मेमरी मॉडेलमध्ये चेकपॉइंटबरोबर कॅशेतला डेटा जतन होत नाही. पुन्हा सुरू केल्यावर कॅशे रिकामाच, सुरुवातीचे आकडे फसवे. आधी वॉर्मअप (कॅशे भरेपर्यंत नुसतं चालवणं), मग आकडे शून्यावर आणून मोजणी.

आणि प्रत्येक रनच्या निकालासोबत कॉन्फिगरेशनची फाइलही जपा. एल२ (दुसऱ्या पातळीचा) कॅशे किती होता, हे व्हायवात विचारतातच.