गोव्याचे विमानप्रवासी मोजताना

भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे मासिक तक्ते घ्या. महामारीआधीचा पाया म्हणून 2019 हे कॅलेंडर वर्ष धरा. 2019-20 हे आर्थिक वर्ष धरलंत तर मार्च 2020 ची टाळेबंदी त्यात घुसते. 25 मार्च ते 24 मे 2020 देशांतर्गत विमानं बंदच होती, म्हणून 2020-21 शी तुलना करून काढलेली वाढ फसवी.

मोठा घोळ पुढेच होतो. 5 जानेवारी 2023 ला गोव्याचा दुसरा विमानतळ, मोपा, सुरू झाला. त्यानंतर एकट्या जुन्या दाबोळी विमानतळाचा आकडा पाहिलात तर गोव्याचं पर्यटनच बसलं असं वाटेल! दोन्हींची बेरीज करा. आंतरराष्ट्रीय रकाना वेगळा ठेवा, कारण नियमित उड्डाणं 27 मार्च 2022 लाच परतली. चार्टर (पर्यटक गटांसाठी खास भाड्याने घेतलेली विमानं) हंगामी, तेव्हा डिसेंबर डिसेंबरशीच ताडा. शिवाय येऊन परत जाणारा पर्यटक दोनदा मोजला जातो.