गोव्याच्या दमट हवेत जुन्या पिकअपची बॉडी घरी कशी दुरुस्त करावी

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगतच्या हवेत मीठही असते. त्यामुळे इथे जुन्या गाडीचे काम काढताना हत्यारांच्या आधी ऋतूचा विचार करावा लागतो. पत्र्याचे काम पाऊस पूर्ण ओसरल्यावर नोव्हेंबरात सुरू करावे, रंगाचे काम फेब्रुवारी-मार्चपर्यंत हातावेगळे करावे, आणि एक नियम शेवटपर्यंत पाळावा: संध्याकाळपर्यंत प्रायमरखाली झाकता येईल तेवढाच पत्रा सकाळी उघडा करावा. संपूर्ण केबिन एकदम खरवडून ठेवली, तर दमट रात्रीनंतर तिच्यावर तांबूस गंजाची झाक दिसू लागते आणि तेच काम पुन्हा करावे लागते. विलीस जातीच्या, म्हणजे जुन्या जीपच्या घराण्यातल्या पिकअपचे बरेचसे पत्रे सपाट किंवा एकाच दिशेने वळलेले असल्यामुळे नवशिक्याने अशाच गाडीवर हात बसवावा. फुगीर मडगार्डांच्या गाड्यांना अनुभवी डेंटरचा हात लागतो.

आधी गाडी नीट तपासावी. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवल्यास जिथे ते सैल पडते तिथे खाली जाड लांबी (खड्डे बुजवायचा लेप, म्हणजे पुट्टी) भरलेली आहे, असे समजावे. मग टोच्याने केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायांखालची जमीन, काचेच्या रबराच्या खालच्या कडा, छताची पन्हळ आणि हौद्याखालचे (सामान ठेवायच्या मागच्या भागाखालचे) आडवे पट्टे टोचून पाहावेत. यातही केबिनच्या मागच्या कोपऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे. तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये पोकळी असते, चाकाने उडवलेली लाल माती तिच्यात जाऊन बसते आणि पावसाळा संपल्यावरही ओल धरून राहते. बाहेरून रंगाला जेमतेम एखादा फोड आलेला दिसतो. टोच्या मात्र सहज आत जातो आणि भोकातून मातीसह गंजाच्या खपल्या गळू लागतात. असा पत्रा वरून बुजवण्यात अर्थ नाही, तो कापूनच काढावा लागतो.

काही कापण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि चॅसी क्रमांकाची जागा चिकटपट्टीने झाकावी. ग्राइंडर चुकूनही तिथे नेऊ नये. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेल्या खासगी वापराच्या वाहनांना 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, पण त्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागतात. म्हणून गोवा, दमण व दीव एकत्र असतानाच्या, ‘जीडी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या क्रमांकाची गाडी असेल, तर बॉडीचा आकार बदलण्याचा मोह टाळावा. रंग बदलायचा असल्यास वाहतूक कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. केबिनची जमीन किंवा दाराखालची पट्टी कापायची असेल, तर दोन्ही दारांच्या चौकटींत आतून अँगलचे आडवे आधार जोडावेत, नाहीतर केबिन वाकते आणि नंतर दारे बसत नाहीत. मूळ पत्र्याची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचा साधा सीआर (कोल्ड रोल्ड) पोलादी पत्रा आणावा. बहुधा ती 0.9 ते 1.2 मिलिमीटर भरते. छपराचा जस्ताचा पत्रा स्वस्त पडतो, पण वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो. पातळ पत्र्याला साधे आर्क वेल्डिंग भोके पाडते, म्हणून 0.8 किंवा 0.6 मिलिमीटर तारेचे सीओटू (मिग) वेल्डिंग यंत्र वापरावे. सलग टाका कधीही ओढू नये. एक ठिपका इथे, दुसरा समोरच्या कडेला, मध्ये पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबणे, अशा क्रमाने ठिपके एकमेकांना भिडवत न्यावेत. उष्णतेने पत्र्याला एकदा लाटा आल्या की तो सरळ करण्यात वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो.

जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा आणि निघालेला गाळ विहिरीजवळ वा परसात टाकू नये. वाळूचा मारा चॅसीला चालतो, पण बॉनेट किंवा दाराच्या पातळ पत्र्याला तो वाकवतो. गंजाच्या खड्ड्यांत मीठ अडकलेले असते. ते गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढावे. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, ते यासाठी वापरू नये. गंज खाणारे आम्लाचे द्रावण लावले असल्यास त्याचा अंशही राहू देऊ नये, कारण त्यावर इपॉक्सी प्रायमर धरत नाही. पत्रा पूर्ण वाळवून, तेलकटपणा पुसून त्याच दिवशी इपॉक्सी मारावा.

लांबी या प्रायमरवर भरावी, उघड्या पत्र्यावर नाही. खोलगट भाग आधी हातोडी आणि डॉलीने (पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) शक्य तितका वर आणावा आणि लांबीचा थर 3 मिलिमीटरच्या आत ठेवावा. गॅरेजमध्ये ही लांबी पाणी लावून घासताना सर्रास दिसते, पण ती पाणी शोषते आणि पुढे रंगाखाली फोड येतात. म्हणून ती 80 आणि मग 180 नंबरच्या कागदाने, लाकडी ठोकळ्यावर, मास्क लावून कोरडीच घासावी. नुसत्या हाताने घासल्यास बोटांच्या रेषा उमटतात. त्यानंतर सरफेसर (रंगाआधीचा, बारीक ओरखडे भरणारा थर) मारून त्यावर काळ्या स्प्रेचा विरळ फवारा मारून घासले, की जिथे काळे टिकून राहते तो खड्डा आणि जिथे पत्रा लगेच उघडा पडतो तो उंचवटा, हे स्वच्छ कळते. सरफेसर मात्र 400 ते 600 नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासता येतो.

शेवटचा रंग घरी मारायचा असेल, तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग निवडावा. पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय ते फवारू नये. ते काम रंगाच्या बूथवर सोपवणे शहाणपणाचे आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी रोज सोडावे आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा. सकाळचे दंव पूर्ण उडाल्यावरच फवारणी करावी, कारण दमट हवेत एनसी रंगावर पांढरट झाक येते. आणखी एक, खास आपल्याकडची खबरदारी: मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी उभी करू नये. तुडतुड्यांचा चिकटा ताज्या रंगावर पडला, तर तो थर पुन्हा घासावा लागतो.

रंग वाळल्यावर दारे, केबिनचे कोपरे आणि हौद्याचे आडवे पट्टे यांच्या पोकळीत मेणाचा फवारा मारावा. पत्र्यांचे सांधे सीलरने रंगापूर्वीच बुजवलेले असावेत, पण दारांच्या खालच्या कडेची पाणी निघण्याची भोके मोकळीच ठेवावीत. ती मेणाने बुजली नाहीत ना, हे बारीक तार घालून पाहावे. हौद्यात लाकडी फळ्या असतील, तर त्या बसवण्याआधी सहाही बाजूंनी तेल किंवा रंग लावावा. मृगाची पहिली सर येऊन गेली की पायपोस उचलून आतली जमीन हाताने चाचपावी. कुठे ओल लागली, तर बहुतेक वेळा काचेचे रबर नीट बसलेले नसते आणि ते त्याच आठवड्यात बदलावे.