प्रज्ञावान मुलासाठी शाळेकडे काय आणि कसे मागावे

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत प्रज्ञावान, म्हणजे वयाच्या मानाने असामान्य बुद्धी असलेली, मुले ओळखण्याची ठरलेली पद्धत नाही. अशा मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य द्यावे आणि शाळेपासून जिल्ह्यापर्यंत विषयवार मंडळे असावीत, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सांगते; परंतु धोरणातला परिच्छेद मुख्याध्यापकांपुढे ठेवल्याने वर्गातला दिनक्रम बदलत नाही. पुढाकार पालकांनाच घ्यावा लागतो.

सुरुवात नोंदींपासून करावी. ‘आमचे मूल फार हुशार आहे’ हे वाक्य शिक्षक रोज ऐकतात. त्याऐवजी अपूर्णांक वर्गात शिकवण्याआधीच मुलीने स्वतःच्या रीतीने केलेली बेरीज, मुलाने विचारलेले प्रश्न, आपणहून वाचलेली पुस्तके, तसेच कोणत्या तासाला तो कंटाळतो किंवा खोड्या काढतो, हे सारे तारखेसह लिहून ठेवावे. पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढू नये. वर्गशिक्षकांकडे स्वतंत्र वेळ मागून आधी त्यांचे निरीक्षण ऐकावे, कारण मूल घरी दिसते तसेच वर्गात दिसेल असे नाही.

त्यानंतर गरज वाटल्यास मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यावी. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी ही 1962 पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचे काम करणारी संस्था असून तिच्या प्रशालेत पाचवीचा प्रवेश चाचण्यांद्वारे होतो. इतर गावांत पात्र मानसशास्त्रज्ञ शोधावा. कोणती चाचणी वापरणार, ती मुलाच्या भाषेत आहे का आणि तिची प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठी वापरलेले इतर मुलांचे गुण, कोणत्या काळातील आहेत, हे तीन प्रश्न आधीच विचारावेत. बिने या बुद्धिमापन चाचणीचे कामत यांनी केलेले भारतीय रूपांतर 1930 च्या दशकातील आहे, आणि जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलांचा बुद्ध्यंक फुगून येण्याची शक्यता असते. सर्वसाधारणपणे बुद्ध्यंकाची सरासरी 100 धरली जाते आणि 130 च्या वर सुमारे दोन टक्के मुले येतात. तरीही एका आकड्यापेक्षा उपचाचण्यांतील (चाचणीच्या वेगवेगळ्या भागांतील) चढउतार शिक्षकांच्या अधिक उपयोगी पडतात. म्हणून तपशीलवार लेखी अहवाल मागावा.

स्पर्धापरीक्षा हा वेगळा मार्ग आहे आणि त्यात सरावाचा वाटा मोठा असतो, हे स्पष्टपणे मान्य करावे. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा कोणत्या इयत्तांत होते हे वेळोवेळी बदलले असल्याने परीक्षा परिषदेची चालू अधिसूचनाच पाहावी. नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा एकदाच देता येते आणि तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीसाठी असून तिच्यात प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधनही असते. माझ्या मते नुसत्या बहुपर्यायी प्रश्नांपेक्षा ही परीक्षा मुलाच्या कुतूहलाला अधिक वाव देते.

शाळेकडे लेखी अर्ज करताना ‘विशेष लक्ष द्यावे’ असे मोघम लिहू नये. येणाऱ्या घटकाची चाचणी आधी घेऊन ती उत्तीर्ण झाल्यास त्या तासांत वेगळे काम द्यावे, गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसू द्यावे, ग्रंथालयातून वरच्या इयत्तेची पुस्तके मिळावीत, असे एक-दोन नेमके पर्याय मांडावेत आणि सहा-आठ आठवड्यांनी आढाव्याची तारीख ठरवावी. लवकर उदाहरणे सोडवणाऱ्याला तशीच आणखी वीस उदाहरणे देणे हे साहाय्य नसून शिक्षाच आहे, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. संपूर्ण इयत्ता गाळण्याचा आग्रह मात्र शेवटी ठेवावा. एका विषयापुरती सवलत शाळेला देणे सोपे जाते.

तोंडी उत्तम उत्तरे देणारे मूल लिहिताना सतत अडखळत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये तिचा समावेश आहे आणि अधिकृत प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. अशा मुलाच्या अर्जात प्रज्ञेसाठीची मागणी आणि अडचणीसाठीची मागणी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावी, म्हणजे एक मान्य करताना दुसरी बाजूला पडत नाही.