हेड लॉसची गणितं सोडवताना या चुका टाळा

हेड लॉसचं, म्हणजे पाइपातल्या घर्षणाने पाण्याचा किती मीटर दाब वाया जातो त्याचं, सूत्र बहुतेक मुलांना पाठ असतं. घोळ होतो तो त्यात काय भरायचं यावर, आणि त्यातही दरवर्षी सगळ्यात जास्त नडतो तो व्यास.

एका विद्यार्थ्याने मामाच्या विहिरीवरून शेतापर्यंत पाइपलाइन काढली. ३०० मीटर लांबी, सेकंदाला ३ लिटर पाणी, ६३ मिमीचा एचडीपीई पाइप. गणितात त्याने व्यास ६३ धरला, हेड लॉस आला साडेचार मीटर, आणि त्या हिशोबाने पंप घेतला. २०० लिटरचा ड्रम सव्वा मिनिटाच्या आत भरायला हवा होता. दीड मिनिट उलटलं तरी भरेना. सगळे पंपवाल्याला दोष देऊ लागले. मी पाइपचा कापलेला तुकडा मागवला आणि व्हर्निअर लावला. बाहेरून ६३, जाडी ५.८, म्हणजे आतून फक्त ५१.४ मिमी. एचडीपीईवर छापलेला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. ५१.४ धरून पुन्हा सोडवलं तर हेड लॉस जवळजवळ १२ मीटर. प्रवाह तोच ठेवला तर हेड लॉस व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे इथे ‘साधारण तेवढंच’ चालत नाही. पाइपचा दाबाचा वर्ग (प्रेशर क्लास) आणि जाडी कळल्याशिवाय मी कॅल्क्युलेटर हातात घेत नाही.

दुसरी चूक फ्रिक्शन फॅक्टरची, म्हणजे सूत्रातल्या घर्षणाच्या गुणकाची (एफ). हेड लॉसचं डार्सी-वाईजबाख सूत्र काही पुस्तकांत नुसत्या एफने लिहितात, काहींत ४एफने. दुसऱ्या सूत्रातला एफ हा फॅनिंगचा, डार्सीच्या एक चतुर्थांश. मुलं सूत्र एका पुस्तकातून उचलतात, एफ मूडीच्या आलेखावरून (त्यात बहुधा डार्सीचाच एफ असतो) वाचतात आणि वर चारने गुणतात. वरच्याच पाइपलाइनला मग १२ ऐवजी ४८ मीटर हेड लॉस येतो आणि तरी कुणाला शंका येत नाही! माझी सवय अशी: आधी लॅमिनार, म्हणजे संथ, थराथराने वाहणाऱ्या प्रवाहासाठी दिलेलं एफचं सूत्र बघायचं. तिथे ६४ भागिले रेनॉल्ड्स अंक (वेग, व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून निघणारा, प्रवाह संथ की खळबळता ते सांगणारा आकडा) असेल तर चारने गुणायचं नाही, १६ असेल तर गुणायचं. आलेखाचंही तसंच. रेनॉल्ड्स १००० ला ०.०६४ वाचता आलं तर तो डार्सीचा.

रेनॉल्ड्स न काढता एफ ०.०२ धरून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक. प्रवाह अज्ञात असेल तर त्या अंदाजाने वेग काढा, रेनॉल्ड्स काढा, नवा एफ घ्या आणि पुन्हा फिरवा. बहुतेक वेळा दोन-तीन फेऱ्यांत उत्तर स्थिरावतं. पण पहिल्या फेरीलाच उत्तराखाली रेघ मारायची घाई मुलांना का असते, कळत नाही.

बाकीच्या चुका किरकोळ दिसतात, पण गुण त्यांवरच जातात. लिटरचे घनमीटर करताना हजाराने भागायचं राहतं. कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने आधीच भागलेला चिकटपणा) दिलेली असताना घनता पुन्हा घुसडली जाते. लॅमिनार प्रवाहात खडबडीतपणा शोधत बसू नका, तिथे त्याचा संबंध नाही. फूट व्हॉल्व्ह आणि बेंड ‘मायनर’ म्हणून सोडायचे तर लांब पाइपलाइनमध्येच. पंपाच्या आखूड सक्शनला तेच भारी पडतात.