पोहता येतं, पण फेऱ्या मारताना दम लागतो? मग हे वाचा

मला पोहता यायचं, पण फेऱ्या मारता यायच्या नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला ४४व्या वर्षी कळलं. २५ मीटरच्या बंदिस्त तलावात एक फेरी झाली की मी भिंतीला धरून मिनिटभर धापा टाकत उभी राहायचे, आणि शेजारच्या लेनमधल्या साठीच्या बाई मात्र संथपणे जात-येत राहायच्या. आज मी आठवड्यातून तीन दिवस ४० फेऱ्या मारते, म्हणजे बरोबर १००० मीटर. मधल्या काळात जे शिकले ते इथे लिहिते आहे.

आधी मोजमाप स्पष्ट करते. मी फेरी म्हणते ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काहीजण जाऊन-येऊन एक फेरी धरतात. शिवाय तलाव २५ मीटरचा आहे की ५० चा, तेही बघा. हे न विचारता दुसऱ्याच्या आकड्यांशी आपले आकडे ताडले तर उगाच खचायला होतं.

पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या, तोही साबण लावून नीट. बंदिस्त तलावात नाकात जो उग्र वास शिरतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगावरची क्रीम यांच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. उघड्या तलावावर ते वाऱ्याने उडून जातात. छताखाली मात्र ते पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतात, आणि नेमकी तीच हवा आपण सगळे आत घेतो. डोळे चुरचुरतात तेही बहुतेक त्यांच्यामुळेच. केस साध्या पाण्याने भिजवूनच कॅप घाला. आधीच भिजलेले केस तलावाचं पाणी कमी शोषतात. गॉगलची काच आतून बोटाने पुसू नका, त्यावरचा धुकं न धरणारा थर निघून जातो.

आता लेन. पाटी वाचा: संथ, मध्यम, वेगवान. पाटीपेक्षाही दोन मिनिटं काठावर उभं राहून तिथली माणसं बघा आणि आपल्या वेगाची लेन निवडा. संथ लेनमध्ये जायला संकोच करू नका. लेनमध्ये एकच जण असेल तर त्याला आपण येतोय हे कळू द्या आणि तळाच्या काळ्या रेषेची एक-एक बाजू वाटून घ्या. तिघं किंवा जास्त असतील तर गोल फिरायचं: एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं. दिशा बाण बघून ठरवा. सगळीकडे उजवीकडूनच जातात असं नाही. एका सकाळी मी दिशा न बघता आत शिरले आणि समोरून येणाऱ्या मुलीच्या मनगटावर माझं मनगट आपटलं. तिचा हात सुजला. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मी आधी पाय पाण्यात सोडून काठावर बसते, एक पूर्ण चक्कर बघते आणि मगच उतरते. सूर मारत तर कधीच नाही.

पुढच्या माणसाच्या मागोमाग निघू नका, किमान ५ ते १० सेकंद जाऊ द्या. कुणी तळपायाला हलकेच बोट लावलं तर रागावू नका. मागचा पोहणारा पुढे जायला वाट मागतोय एवढाच त्याचा अर्थ. भिंतीपर्यंत जा, कोपऱ्यात सरका, त्याला जाऊ द्या. विश्रांतीही कोपऱ्यातच घ्या. भिंतीचा मधला भाग वळणाऱ्यांसाठी मोकळा हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: श्वास. दोन फेऱ्यांत दम लागतो तेव्हा आपल्याला वाटतं, ताकद कमी पडते. माझी ताकद कमी नव्हती, मी पाण्यात श्वास कोंडून ठेवत होते. तोंड बाहेर काढल्यावर त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात आधी जुनी हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची, हे जमणारच नव्हतं. आणि जीव घाबरा होतो तो बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. म्हणजे उपाय जास्त हवा घेण्यात नाही, असलेली हवा सोडण्यात आहे.

तो असा शिका. उथळ बाजूला भिंत धरून उभ्या राहा. तोंड पाण्यात घाला आणि नाकाने ‘म्म्म्म’ असा सूर धरा. बुडबुडे गालांवरून कानाकडे जाताना जाणवतील. सूर एकसारखा, न तुटता यायला हवा. तोंड बाहेर काढण्याच्या अगदी आधी उरलेली हवा फुंकून टाका. आता तोंड वर काढलंत की हवा आपोआप आत येईल, ओढावी लागणार नाही. हे २० वेळा करा. मी पहिला आठवडा जवळजवळ एवढंच केलं, आणि तो आठवडा सगळ्यात जास्त कामी आला.

मग हेच फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं राहून आळीपाळीने हात मारत पोहताना. डोकं वर उचलू नका, कुशीवर वळा तसं अंगासोबत वळू द्या. गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर राहिली म्हणजे बरोबर जमलं. नजर पुढे नको, तळाकडे हवी. पुढे बघितलं की डोकं वर येतं आणि पाय खाली जातात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं, त्यामुळे वीतभर खाली गेलेले पायही तुम्हाला मागे खेचत राहतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखालून लांब जाण्याची पैज लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. त्याने श्वास घेण्याची ऊर्मी दबते आणि कसलीही चाहूल न लागता शुद्ध हरपू शकते. चांगले पट्टीचे पोहणारेही असे बुडाले आहेत.

दम वाढवायला भिंतीवरचं मोठं घड्याळ वापरा. लाल काटा ६० वर आला की निघायचं, हा माझा नियम. तेव्हा मला एका फेरीला साधारण ३५ सेकंद लागायचे, उरलेले २५ सेकंद विश्रांतीचे. दहा मिनिटांत दहा फेऱ्या. हे सहज जमायला लागलं तेव्हा दोन-दोन फेऱ्या जोडल्या आणि दर दीड मिनिटाला निघू लागले: एकदा ६० वर, एकदा ३० वर. सगळा अभ्यास एवढाच आहे: आधी तुकडे, मग तुकडे जोडत जायचं. शेवटच्या तुकड्याला पहिल्याइतकाच वेळ लागला पाहिजे. जास्त लागला तर सुरुवात घाईत झाली असं समजा आणि पुढच्या वेळी पहिल्या चार फेऱ्या मुद्दाम सावकाश करा.

सोबत हात मोजा, म्हणजे एका फेरीत किती वेळा हात मारावा लागतो ते. एका फेरीला माझे २८ हात व्हायचे, आता २१ होतात. भिंतीला पाय लावून निघताना दोन्ही हात डोक्यापुढे ताणून दंड कानांमागे घट्ट, एका हातावर दुसरा हात, आणि वेग मंदावेपर्यंत तसंच सरकत जा. नुसत्या त्यानेच दोन हात वाचतात.

तळाची काळी रेषा भिंतीच्या २ मीटर आधी संपते आणि तिथे आडवी पट्टी असते. ती दिसली की एक हात मारून भिंत गाठायची. पाठीवर पोहताना ती दिसत नाही, म्हणून भिंतीपासून ५ मीटरवर वर पताका टांगलेल्या असतात. पताकेखालून गेल्यावर भिंतीपर्यंत आपले किती हात होतात ते एकदा सावकाश मोजून ठेवा. माझे पाच होतात. बंदिस्त तलावात सरळ जायला छतही मदत करतं: लांबीच्या दिशेने जाणारी एखादी तुळई किंवा दिव्यांची रांग धरा आणि ती नजरेसमोरून सरकू देऊ नका.

शेवटच्या दोन फेऱ्या अगदी हळू करा. बाहेर आलात की पाणी प्या. पाण्यात कळत नाही, पण घाम येतोच. कानात पाणी राहिलं तर मान कलती करून कानाची पाळी हलकेच ओढा. काडी घालू नका. गॉगल साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.