ट्रक लीजवर घेताय? आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) बघा

भिवंडीच्या गोदामांतून माल उचलायचा की न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर ओढायचे, हे ठरल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका. वीस फुटी रिकामा कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. एकूण वजनाच्या मर्यादेतून तो आणि गाडीचं स्वतःचं वजन वजा करूनच मालाचा हिशेब धरा. तीन ॲक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) ट्रकला 2018पासून एकूण 28.5 टनांची मुभा आहे, पण जुन्या गाडीच्या आरसीवर जो आकडा असेल तोच खरा.

जुनी गाडी लीजवर घेताना वय नक्की तपासा. नॅशनल परमिट, म्हणजे देशभर माल वाहण्याचा परवाना, साध्या (दोन ॲक्सलच्या) ट्रकला 12, मल्टिॲक्सलला (दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या) 15 वर्षांपर्यंतच मिळतं. पाच वर्षांचा करार अकरा वर्षांच्या साध्या ट्रकवर करणारे महाभाग आहेत!

करारात सगळे मासिक भाड्यावरच घासाघीस करतात. खरी मेख वेगळीच आहे. मोटार वाहन कायद्यात लीजची गाडी ज्याच्या ताब्यात, तोच ‘मालक’ मानला जातो. म्हणजे अपघाताचा दावा तुमच्या दारात येऊ शकतो. म्हणून लीजची नोंद आरसीवर करून घ्या, विम्याची पॉलिसी स्वतः वाचा आणि टायर, फिटनेस, बंद पडल्यावर बदली गाडी यांचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.